पॉइंट्स हरल्यावर जात नाहीत, तारखेला जातात

एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी १४ वर्षांची, गेल्या वर्षापासून टेनिसच्या आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा खेळते. गेल्या वर्षी तिने एक जे३० (विजेतीला ३० पॉइंट्स देणाऱ्या गटाची) स्पर्धा जिंकली. यंदा त्याच आठवड्यात ती एक गट वरची, जे६० स्पर्धा खेळली आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. पुढच्या सोमवारी पाहतात तर रँकिंग अडीचशे-तीनशे जागांनी खाली. जिला तिने दोनदा हरवलं आहे ती मुलगी आता तिच्या बरीच वर आहे. गेल्या वर्षीच्या एका उपविजेतेपदाचे पॉइंट्सही दोन महिन्यांत जाणार आहेत. वडिलांना वाटतं, त्याआधी लागोपाठ सहा जे३० स्पर्धा खेळून रँकिंग परत मिळवावं. प्रशिक्षक म्हणतात, आठ आठवडे फक्त सराव. आई म्हणते, थोडं थांबूया. मुलगी काहीच म्हणत नाही. फक्त परवा सामना हरून गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "किती पॉइंट्स गेले?" वडील विचारतात: ही पद्धत अन्यायाची नाही का? आणि आम्ही काय करावं?

---

तुमच्या पत्रासोबतचा तक्ता पाहिला. प्रत्येक स्पर्धा, फेरी, पॉइंट्स, सगळं नीट मांडलं आहे. या सदराकडे इतकी व्यवस्थित माहिती घेऊन क्वचितच कोणी येतं, त्यामुळे उत्तर त्या तक्त्यावरच बेतते.

आधी गाडीतला प्रश्न. तुम्ही लिहिलंय की तो ऐकून तुम्हाला गलबलून आलं आणि तुम्ही "ते जाऊ दे, पाणी पी" म्हणालात. समजू शकते. पण त्या प्रश्नाचं खरं उत्तर तिला देण्यासारखं होतं: शून्य. ती त्या दिवशी हरली म्हणून एकही पॉइंट गेला नाही. जाऊ शकतच नव्हता.

आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, ज्युनिअर क्रमवारीत गेल्या ५२ आठवड्यांतले एकेरीचे सर्वोत्तम सहा निकाल धरतात आणि त्यात दुहेरीच्या सर्वोत्तम सहा निकालांच्या पॉइंट्सचा चौथा हिस्सा मिळवतात. बस, एवढंच. सामना हरलात तर वजा काही होत नाही. फार तर त्या स्पर्धेतून नवीन काही मिळत नाही. पॉइंट्स जातात ते ५२ आठवडे पूर्ण झाले की, कॅलेंडरच्या हिशोबाने. तुमच्या लेकीचे ३० पॉइंट्स कुणी जिंकून नेले नाहीत. त्यांची मुदत संपली.

आता तुमचाच तक्ता बघा. घसरणीच्या आधी तिचे सहा निकाल होते ३०, १८, ९, ५, ५ आणि २. बेरीज ६९. उरलेल्या स्पर्धांत ती पहिल्या फेरीत हरली, तिथे शून्य. त्या सोमवारी ३० गेले आणि जे६०च्या उपांत्यपूर्व फेरीचे १० आले. बेरीज ४९. म्हणजे वरच्या गटात, जास्त तगड्या मुलींमध्ये जाऊन ती शेवटच्या आठांत पोहोचली आणि कागदावर २० पॉइंट्सनी गरीब झाली. क्रमवारीच्या या टप्प्यावर पाच-दहा पॉइंट्सच्या फरकात शेकडो मुली दाटीवाटीने उभ्या असतात, त्यामुळे २० पॉइंट्स हलले की तीनशे जागा हलतात. पहिल्या पन्नासात २० पॉइंट्सनी फारसं कुणी हलत नाही. आकडा मोठा दिसला, घडलं मात्र थोडंच. खेळाच्या बाबतीत तर जे घडलं ते चांगलंच आहे.

मग तुमची सहा स्पर्धांची योजना. तिचाही हिशोब करू, कारण तो पत्रात कुठेच केलेला नाही याचं मला जरा नवल वाटलं. जे३०मध्ये विजेतीला ३०, उपविजेतीला १८, उपांत्य फेरीत हरणारीला ९, उपांत्यपूर्व फेरीत ५ आणि मुख्य ड्रॉमध्ये (स्पर्धेच्या मुख्य सामन्यांच्या मांडणीत) एक सामना जिंकून पुढच्या फेरीत हरणारीला २ पॉइंट्स मिळतात. समजा ती सहाही स्पर्धांत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. दोन महिन्यांत सहा वेळा, म्हणजे वाईट कामगिरी नव्हेच. त्यातला पहिला ५ तिच्या २ची जागा घेईल: तीन पॉइंट्सचा फायदा. बाकीचे पाच निकाल तिच्याकडे आधीच असलेल्या ५ इतकेच, म्हणून त्यांचा उपयोग शून्य. बेरीज ५२. पुढे तो १८ गेला की मोकळ्या जागी आणखी एक ५ बसेल आणि बेरीज ३९ होईल. एकही स्पर्धा खेळली नाही तर ती ३१ असेल. सहा प्रवास, सहा आठवड्यांची शाळा, सहा वेळा अनोळखी कोर्टवर पहिला सामना, आणि मिळकत आठ पॉइंट्स.

याउलट एका जे६०मध्ये उपांत्य फेरी गाठली तर एका आठवड्यात १८ मिळतात. 'सर्वोत्तम सहा' या पद्धतीचं मर्म इथे आहे. सहा जागा भरेपर्यंत जास्त खेळणाऱ्याला फायदा होतो. त्या भरल्या की तोच तोच निकाल पुन्हा आणून काही मिळत नाही, निकालाचा दर्जा वाढावा लागतो. आणि दर्जा वाढतो तो स्पर्धांच्या मधल्या आठवड्यांत. तुमचे प्रशिक्षक सराव म्हणतात तेव्हा ते रँकिंगकडे पाठ फिरवताहेत असं तुम्हाला वाटतं. मला तर त्यांचा हिशोब तुमच्यापेक्षा पक्का वाटतो, त्यांनी तो कागदावर मांडला नसेल इतकंच.

आता अन्यायाचा मुद्दा. हा मी गांभीर्याने घेते, कारण त्यात तथ्य आहे. जिला तुमच्या मुलीने दोनदा हरवलं ती वर कशी? कारण या पद्धतीत समोर कोण होतं याला काडीचंही महत्त्व नाही. पॉइंट्स ठरतात ते स्पर्धेच्या गटावर आणि फेरीवर. पहिल्या मानांकित मुलीला तीन सेटमध्ये हरवून गाठलेली दुसरी फेरी आणि समोरचीने पाय मुरगळल्यामुळे पहिल्याच गेममध्ये सोडलेल्या सामन्यातून गाठलेली दुसरी फेरी, दोन्हींची किंमत सारखीच. एका गटाच्या दोन स्पर्धांचे ड्रॉही सारख्या ताकदीचे नसतात. कुठे क्वालिफाइंगमध्येच (मुख्य ड्रॉआधीच्या पात्रता फेरीतच) घाम निघतो, तर कुठे मुख्य ड्रॉच जेमतेम भरतो. पद्धतीला हे दिसत नाही.

पण दिसावं अशी तिची रचनाच नाही. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये संगणकीय क्रमवारी आली ती २३ ऑगस्ट १९७३ला. इली नास्तासे तिचा पहिला अव्वल खेळाडू. त्याआधी स्पर्धेत कुणाला घ्यायचं हे बरंचसं आयोजकांच्या आणि समित्यांच्या मर्जीवर चालायचं. नाव मोठं, ओळख असली, की जागा. खेळाडूंना त्यावर उपाय हवा होता: कुणाच्या मर्जीवर न चालणारी, सगळ्यांना आधीच माहीत असलेली रांग. क्रमवारीचा जन्म त्या कामासाठी झाला. ज्युनिअर क्रमवारीही आजपर्यंत तेच काम करते: मुख्य ड्रॉमध्ये थेट जागा कुणाला, क्वालिफाइंग कुणाला, मानांकन कुणाला. ३२ जणींच्या ड्रॉमध्ये आठ मानांकनं असतील, तर मानांकित मुलीला दुसरी मानांकित मुलगी उपांत्यपूर्व फेरीआधी भेटत नाही. हा लाभ खराच आहे, मी तो नाकारत नाही.

म्हणून मला तुम्हाला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. या तीनशे जागा गेल्यामुळे अशी कोणती स्पर्धा आहे, जिच्यात येत्या सहा महिन्यांत तुमच्या मुलीला खेळायचं होतं आणि आता प्रवेश मिळणार नाही? नाव घेऊन सांगा. प्रशिक्षकांसोबत बसून, त्या स्पर्धांच्या गेल्या वर्षीच्या प्रवेशयाद्या काढून, शेवटची थेट प्रवेश मिळालेली मुलगी कितव्या क्रमांकावर होती ते बघा. एखादी स्पर्धा खरंच हुकत असेल, तर आपल्याला नेमका किती पॉइंट्सचा आणि कधीपर्यंतचा प्रश्न सोडवायचाय ते कळेल. एकही हुकत नसेल, तर घसरण झाली आहे ती फक्त तुमच्या मोबाइलच्या पडद्यावर.

आणखी एक गोष्ट. ही क्रमवारी १३ ते १८ वर्षांच्या मुलींची एकच आहे. तुमची मुलगी १४ची. तिच्या वरच्या नावांत अशा कितीतरी मुली असतील ज्या तिच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या, दीड वीत उंच, आणि कित्येक स्पर्धा जास्त खेळलेल्या आहेत. वयाची मोजणी जन्मवर्षाने होते, त्यामुळे जानेवारीत जन्मलेली आणि डिसेंबरमध्ये जन्मलेली या दोघी एकाच वर्षी ज्युनिअर टेनिसमधून बाहेर पडतात, जवळजवळ वर्षाचा फरक असूनही. तुलना करायचीच असेल तर तिच्या जन्मवर्षाच्या मुलींशी करा. चित्र वेगळं दिसेल. शिवाय लहान वयाच्या खेळाडूंनी वर्षात किती आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा खेळाव्यात यालाही आयटीएफची वयानुसार मर्यादा आहे. वर्षभरात ती नऊ स्पर्धा खेळलीच आहे. आणखी सहा ठरवण्याआधी या मर्यादेत तिच्यासाठी किती शिल्लक आहेत तेही तपासा. मुलांना स्पर्धांत अती जुंपतात हा अनुभव गाठीशी होता म्हणूनच हे नियम आले.

मग ती कितपत सुधारते आहे हे कळायचं कसं? त्यासाठी वेगळी मापं आहेत. आयटीएफचाच वर्ल्ड टेनिस नंबर ४० पासून १ पर्यंत उतरत जातो, आकडा जितका लहान तितका खेळाडू तगडा. युनिव्हर्सल टेनिस रेटिंग, ज्याला सगळे यूटीआर म्हणतात, ते १ पासून साधारण साडेसोळापर्यंत चढतं. या दोन्हींत समोरचा खेळाडू किती ताकदीचा होता हे धरतात. यूटीआर तर एकेक गेम मोजतं. बुद्धिबळात अर्पाद एलो यांनी रूढ केलेल्या विचारातली ही मंडळी: अपेक्षेपेक्षा चांगलं खेळलात तर वर, वाईट खेळलात तर खाली. बलाढ्य मुलीविरुद्ध ४-६, ४-६ हरूनही यूटीआर वाढू शकतं. तुमची लेक दोनदा जिला हरवते तिच्यापेक्षा ती सरस असेल, तर ते इथे दिसण्याची शक्यता जास्त.

हे वाचून लगेच नवा तक्ता काढू नका, अशी मात्र कळकळीची विनंती. या मापांनाही त्यांचे रोग आहेत. रेटिंग हरल्यावर खरोखरच उतरतं, कधी कधी कमकुवत खेळाडूशी रडतखडत जिंकल्यावरही उतरतं. मग मुलं खालच्या रेटिंगच्या मुलांशी खेळायलाच नको म्हणतात, सराव सामनेसुद्धा टाळतात. मोजण्याची कुठलीही पद्धत आणा, माणसं तिच्याभोवती वागणं बेतून घेतात. पुरुषांची क्रमवारी सुरुवातीला सरासरीवर होती. तेव्हा चांगली सरासरी असलेल्याला स्पर्धा न खेळण्यातच शहाणपण वाटे. १९९०मध्ये ती मोडून सर्वोत्तम १४ निकालांची पद्धत आणली, तेव्हा उलटं झालं, खेळत राहण्यात फायदा दिसू लागला. ज्युनिअरमध्ये आज कमकुवत ड्रॉच्या शोधात जगभर फिरणारी कुटुंबं आहेत, ती याच नियमाची लेकरं. तुम्ही त्यांच्यावर चिडला आहात. मी त्यांना फसवे म्हणणार नाही, नियमात बसतं ते करतात. एखाद्या विशिष्ट स्पर्धेत प्रवेशासाठी दहा-वीस पॉइंट्स कमी पडत असतील तर तुम्हीही एकदा तसं करायला हरकत नाही. पण त्याची सवय लागली की मुलगी वरच्या गटात पोहोचते, आणि पहिल्या फेरीत तिच्याइतकीच सराईत पण जास्त कसलेली प्रतिस्पर्धी तिच्यासमोर उभी राहते. रांगेत पुढे जाता येतं, कोर्टवर नाही.

मी काही वर्षं स्पर्धांच्या ठिकाणी नोंदणीच्या टेबलामागे बसायचे. ड्रॉ लागला की पालकांची बोटं आधी प्रतिस्पर्ध्याच्या नावावर, मग फोनवर तिच्या क्रमांकावर जायची, आणि मुलीला सांगितलं जायचं: "अगं, ही सातशेच्या आत आहे." मुलगी तिथेच अर्धा सामना हरायची. याच्या उलटही व्हायचं, आणि ते जास्त वाईट: "ही तर तुझ्या खाली आहे, ही जायला नको." त्या वाक्याचं ओझं घेऊन खेळणाऱ्या मुलींचा दुसरा सर्व्ह कसा आखडतो ते मी पाहिलेलं आहे.

मोठ्या खेळाडूंचे दाखले तुम्ही पत्रात दिलेत म्हणून एवढंच सांगते. रॉजर फेडरर १९९८च्या अखेरीस ज्युनिअरमध्ये पहिला होता, हे खरं. नोव्हाक जोकोविच ज्युनिअर क्रमवारीत पहिल्या विसातही कधी नव्हता, हेही खरं. व्हीनस आणि सेरेना विल्यम्स यांना तर वडिलांनी लहानपणीच ज्युनिअर स्पर्धांमधून काढून घेतलं होतं. ज्याला जे हवं ते सिद्ध करणारा चॅम्पियन सापडतोच, म्हणून मी हे दाखले कुठल्याच बाजूने वापरत नाही.

आता काय करावं. तुमची सहा स्पर्धांची योजना सोडून द्या, कारणं वर दिली. प्रशिक्षकांचे आठ आठवडे मला पूर्ण कोरडे मात्र ठेवावेसे वाटत नाहीत. स्पर्धेचा सराव तुटला की परतताना पहिल्या सामन्यात हात थरथरतो, विशेषतः या वयात. त्यांच्याशी बोलून पहिले पाच-सहा आठवडे सरावाचे ठेवा, त्यात गुण मोजून खेळलेले सामने भरपूर असू देत, तेही तिच्यापेक्षा वरच्या आणि खालच्या दोन्ही मुलींशी. शेवटी दोन स्पर्धा. एक जे३०, जिथे तिला मानांकन मिळायची शक्यता आहे आणि 'जिंकणं अपेक्षित आहे' हा दबाव घेऊन खेळायला शिकता येईल. दुसरी जे६०, जिथे मुख्य ड्रॉमध्ये जेमतेम जागा मिळेल. स्पर्धांचा गट निवडायला अनेक प्रशिक्षक एक ढोबळ नियम वापरतात: साधारण दोन विजयांमागे एक पराभव. त्याहून फार जास्त जिंकत असेल तर गट सोपा आहे, सारखी पहिल्या फेरीत हरत असेल तर अवघड. हा नियम क्रमांकाकडे बघत नाही, म्हणून मला आवडतो.

दुहेरी तुम्ही 'वेळ वाया जातो' म्हणून खेळवत नाही. पॉइंट्सच्या दृष्टीने दुहेरीला रुपयात चार आणेच मोल आहे, कबूल. पण पहिल्याच दिवशी एकेरीत हरलेली मुलगी दुहेरीमुळे त्या गावात आणखी दोन दिवस काहीतरी खेळत राहते, रिटर्न आणि नेटवरचा खेळ शिकते, आणि सर्किटमध्ये तिला एखादी मैत्रीण मिळते. पत्रात तुम्ही मुलीच्या एकाही मैत्रिणीचा उल्लेख केलेला नाही. प्रतिस्पर्ध्यांचे मात्र चार आहेत.

शाळेबद्दल मी लिहीत नाही. तुमच्या पत्नी त्या बाबतीत तुमच्या दोघांपेक्षा स्पष्ट आहेत, त्यांचं ऐका.

राहिली मुलगी. क्रमवारी तिच्यापासून लपवा असं मी सांगणार नाही. १४ वर्षांच्या मुलीच्या हातात फोन असतो, तिला सगळं दिसतं. फक्त तिला आकडा दिसतो, त्यामागची यंत्रणा दिसत नाही. म्हणूनच तिला वाटतं की हरलं की काहीतरी वजा होतं. एका शांत संध्याकाळी, सामन्याच्या आदल्या किंवा नंतरच्या दिवशी नव्हे, तिला एक कोरा कागद द्या आणि तिचे सहा निकाल तिलाच लिहू द्या. प्रत्येकासमोर मुदत संपायची तारीख. तिलाच बेरीज करू द्या, सातव्या निकालाने काय बदलतं ते तिचं तिला कळू द्या. गणित सोपं आहे, ती तुमच्यापेक्षा लवकर करेल. मग तो कागद प्रशिक्षकांकडे ठेवायचा आणि स्पर्धांचं नियोजन करताना, फार तर दोन महिन्यांतून एकदा, बाहेर काढायचा.

आणि तुमचा तक्ता? तुम्ही लिहिलंय की सोमवारी नवीन यादी लागली की ऑफिसला निघण्याआधी तुम्ही ती बघता, आणि 'बायको म्हणते, त्यावरून घरातला मूड ठरतो.' हे वाक्य तुम्ही गमतीत लिहिलं असावं. मला ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. तुमच्या मुलीने 'पॉइंट्स' हा शब्द कुठून उचलला, याचं उत्तर त्यात आहे. थोडे दिवस सोमवारची यादी बघणं प्रशिक्षकांवर सोपवून बघा. जमणार नाही असं वाटत असेल तर निदान ऑफिसात पोहोचल्यावर बघा.

गाडीत पुन्हा असा प्रश्न आला, तर "शून्य" म्हणा आणि का ते सांगा. तिने पुढे काही विचारलं नाही तर तुम्हीही विचारू नका. सामन्याचं विश्लेषण करायला प्रशिक्षक आहेत. एखाद्या दिवशी ती आपणहून सांगेल की बॅकहँड क्रॉसकोर्ट का मारत राहिली.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. दोन महिन्यांनी ज्या सोमवारी तिचे ते १८ पॉइंट्स जाणार आहेत, ती तारीख तिला आत्ताच सांगून ठेवा. त्या दिवशी क्रमांक पुन्हा घसरेल, तेव्हा ती कदाचित सरावाच्या कोर्टवर असेल, आणि तिला ते आधीच माहीत असेल.